व्हेंटिलेटर कधी काढायचा, हे कोण ठरवणार?

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने जून २०२५ मध्ये एक विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केलं. सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल असं निदान झालेल्या प्रौढ रुग्णाला डॉक्टरच्या मदतीने आयुष्य संपवता यावं, अशी त्यात तरतूद होती. या मतदानाला पक्षादेश नव्हता. प्रत्येक खासदाराने आपापल्या मनाला विचारून मत द्यायचं होतं. त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस आपल्या शेजारच्या कर्नाटकच्या आरोग्य विभागाने एक परिपत्रक काढलं. बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीवरक्षक उपचार थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली पद्धत राज्यातल्या रुग्णालयांनी पाळावी, असं त्यात म्हटलं होतं.

अक्कलकोट ओलांडलं की कर्नाटक लागतं. आपले रुग्ण तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात. त्यामुळे ही बातमी सोलापुरात पोचायला वेळ लागला नाही, पण पोचली ती ब्रिटनच्या बातमीत मिसळून. घरोघरच्या ग्रुपवर ‘कर्नाटकात इच्छामरण सुरू झालं’ असंच फिरत राहिलं.

तसं काही झालेलं नाही. कर्नाटकने ज्याची व्यवस्था लावली ते महाराष्ट्रासकट सगळ्या देशात २०१८ पासून कायदेशीर आहे. ब्रिटनच्या विधेयकात जे होतं, तो भारतात आजही गुन्हा आहे. दोन्हींना एकच समजून भांडत बसलो तर आपलं मत कशाबद्दल आहे हेच आपल्याला कळणार नाही. म्हणून सुरुवात गोष्टी वेगळ्या करण्यापासून करू.

## नेमकं कशाबद्दल बोलतोय?

डॉक्टरने इंजेक्शन देऊन रुग्णाचा मृत्यू घडवून आणणं म्हणजे सक्रिय दयामरण. रुग्णाने कितीही विनवलं तरी आपल्या कायद्यात तो खून किंवा सदोष मनुष्यवध ठरतो. डॉक्टरने औषध लिहून द्यायचं आणि रुग्णाने ते स्वतःच्या हाताने घ्यायचं, हा दुसरा प्रकार. ब्रिटनचं विधेयक त्याबद्दल होतं. भारतात ती आत्महत्येला मदत ठरते.

तिसरा प्रकार निष्क्रिय दयामरणाचा. इथे कुणी काही टोचत नाही. ज्या उपचाराने रुग्ण बरा होणार नाही, मृत्यू तेवढा लांबणार आहे, तो उपचार सुरूच करायचा नाही किंवा सुरू असेल तर थांबवायचा. व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब टिकवून धरणारी औषधं, हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न, हे सगळं त्यात येतं. वेदना कमी करणारं औषध, स्वच्छता आणि देखभाल मात्र शेवटपर्यंत चालू ठेवायची असते.

जुन्या वाड्याची कललेली भिंत टेकू लावून उभी असते. भिंत दुरुस्त होईपर्यंत टेकू हवाच. पण पायाच खचला आहे, दुरुस्ती होणार नाही, असं जाणकारांनी पाहून सांगितलं आणि मग टेकू काढला, तर भिंत पडते ती पाया खचल्यामुळे. कुदळ मारून भिंत पाडणं ही वेगळी कृती. भारतीय कायदा या दोन कृतींमध्ये रेघ ओढतो.

आणखी एक गोंधळ रुग्णालयाच्या जिन्यात रोज ऐकू येतो. ‘ब्रेन डेड’ आणि ‘कोमा’ एकच, असं पुष्कळांना वाटतं. ब्रेन डेड माणसाचा मेंदूचा देठ कायमचा बंद पडलेला असतो. श्वास यंत्राचा असतो, आणि १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार डॉक्टरांच्या मंडळाने ठरलेल्या तपासण्या करून तसं प्रमाणित केलं की तो मृत्यूच धरला जातो. कोमातला रुग्ण जिवंत असतो, कधीकधी शुद्धीवरही येतो. काही रुग्ण कोमातून बाहेर येतात, स्वतःचा श्वास घेतात, डोळेही उघडतात, पण त्यांना भान येत नाही. वर्षानुवर्षं तसेच राहतात. सगळ्यात अवघड प्रश्न इथे उभा राहतो.

## अरुणा शानबाग

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातल्या एका सफाई कामगाराने साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्यानंतर त्या ४१ वर्षांहून जास्त काळ त्याच रुग्णालयात होत्या. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या.

त्यांच्या वतीने पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणा यांना भरवणं थांबवावं आणि त्यांना शांतपणे जाऊ द्यावं, अशी त्यांची मागणी होती. अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हत्या, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. श्वास त्यांचा त्या घेत होत्या. कालवलेलं, मऊ अन्न त्यांना भरवलं जायचं. आणि भरवणाऱ्या होत्या केईएमच्या परिचारिका. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, पण सेवा थांबली नाही. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर बेडसोर नाही, याची न्यायालयाने आवर्जून दखल घेतली. परिचारिकांनी सांगितलं, आमची अरुणा आम्ही सांभाळू.

७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. विराणी यांची मागणी फेटाळली गेली, कारण अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे, असं न्यायालय म्हणालं. पण त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरण देता येईल, हे तत्त्व भारतात पहिल्यांदा मान्य केलं.

या खटल्यात दुष्ट कुणीच नव्हतं. विराणी यांना अरुणा यांच्या यातना बघवत नव्हत्या. परिचारिकांना त्यांना उपाशी ठेवणं ही कल्पनाच सहन होत नव्हती. दोघींचीही माया खरी होती आणि दोघींनी काढलेले निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध होते. वादग्रस्त प्रश्नावर आपल्याहून वेगळं मत असलेल्या माणसाच्या हेतूवर आपण फार लवकर शंका घेतो. असं करावंसं वाटलं की मी केईएमचा तो वॉर्ड आठवते.

आणि एक गोष्ट दोन्ही बाजूंना कधीच कळू शकली नाही. खुद्द अरुणा यांना काय हवं होतं? त्यांना कुणी विचारू शकत नव्हतं. त्यांनी आधी कुठे लिहून ठेवलेलंही नव्हतं.

## मग कायद्याने काय केलं?

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि आधी लिहून ठेवण्याची सोय दिली. त्या कागदाला लिव्हिंग विल म्हणतात. मी बोलण्याच्या स्थितीत नसेन आणि बरी होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार करायचे नाहीत, हे त्यात लिहायचं.

पण २०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. सही न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, मंडळ नेमायला जिल्हाधिकारी, मंडळावर २० वर्षं अनुभवाचे डॉक्टर. मुंबईत ते जमवणं अवघड, मग करमाळ्याला आणि सांगोल्याला कुठून जमणार? जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आली की रुग्णालयात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ मिळून पहिलं मंडळ होतं. त्यांचं मत दुसरं मंडळ तपासतं. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर असतो आणि पहिल्या मंडळातलं कुणी नसतं. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. निर्णय अमलात आणण्याआधी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. मतभेद झाला तर उच्च न्यायालय आहेच.

लिव्हिंग विल नसेल तरी हीच दोन मंडळं, कुटुंबाच्या संमतीने.

## आणि प्रत्यक्षात काय होतं?

सोलापूर हे वैद्यकीय उपचारांसाठी मोठं गाव आहे. सिव्हिलला आणि खासगी रुग्णालयांना आपल्या जिल्ह्यातून, धाराशिवहून, लातूरहून, विजयपुरा-कलबुर्गीहून माणसं येतात. आयसीयूच्या दाराबाहेर चटया पसरलेल्या असतात. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, चारही भाषांत एकच चर्चा चालते: डॉक्टर काय म्हणाले?

डॉक्टर म्हणालेले असतात, ‘चान्सेस कमी आहेत.’ कमी म्हणजे किती, हे विचारायची छाती होत नाही. कागद पुढे येतो. बहुतेक वेळा इंग्रजीत. थोरला मुलगा यंत्रमागावरून थेट आलेला असतो, शर्टावर अजून सुताचा तूस. तो सही करतो. चार दिवसांनी बिल वाढतं. सोनं मोडून झालेलं असतं, पाव्हण्यांकडून उसने घेऊन झालेले असतात. मग बहीण म्हणते, ‘अण्णा, आता तूच सांग काय करायचं.’ अण्णा कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. संध्याकाळी ठरतं की घरी घेऊन जायचं.

पुन्हा एक कागद. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर रुग्णाला नेत आहोत.’ नळी काढतात, अॅम्ब्युलन्स येते. कधी गावाच्या वेशीपर्यंत श्वास टिकतो, कधी नाही. सोबत वेदना शमवणारं मॉर्फिन नसतं, घरी येऊन बघणारी नर्स नसते. दम लागलेल्या आईसमोर घरातली माणसं हात जोडून बसतात.

माझं म्हणणं इथे आहे. दयामरण हवं की नको, असा आपण वाद घालतो, जणू आज ते कुठे होतच नाही. उपचार थांबवण्याचा निर्णय आजही सतत घेतला जातो. पण तो घेतं बिल. दोन मंडळांनी तपासलेलं नसतं, रुग्णाची इच्छा कुणाला ठाऊक नसते, वेदनेवर औषध नसतं, आणि कागदोपत्री तो रुग्णालयाचा निर्णय नसतोच, नातेवाइकांचा हट्ट असतो. ‘मी आईची नळी काढायला लावली’ हे ओझं मग त्या थोरल्या मुलाच्या डोक्यावर जन्मभर राहतं. कायद्याची पद्धत वापरली असती तर कदाचित निर्णय तोच झाला असता, पण तो आईचा असता, डॉक्टरांनी तपासलेला असता आणि तिला गुदमरावं लागलं नसतं.

उलटही घडतं. जिथे पैसा आहे तिथे कुणी ‘थांबा’ म्हणायला धजत नाही. लोक काय म्हणतील, या धाकाने नव्वदीच्या आजोबांच्या बरगड्यांवर दाब देत राहतात.

## ‘पण हे मारणंच झालं ना?’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गंभीर विचारवंतही म्हणतात की परिणाम एकच असेल तर इंजेक्शन देणं आणि नळी काढणं यांत फरक मानणं ही मनाची समजूत आहे. मला तो फरक खरा वाटतो. शुद्धीतल्या प्रौढ माणसाने ऑपरेशनला नकार दिला तर त्याला जबरदस्तीने टेबलवर झोपवता येत नाही, मग त्यात त्याचा जीव गेला तरी. हा हक्क आपण सगळे मानतो. शुद्ध गेली की तो हक्क संपतो का? संपत नसेल, तर शुद्धीत असताना सांगून ठेवलेला नकारही मानला पाहिजे. निष्क्रिय दयामरण या नकारावर उभं आहे.

सक्रिय दयामरणाचं तसं नाही. त्यात नकार पुरत नाही, दुसऱ्याच्या हातून कृती हवी असते. ते आपल्याकडे आज यावं, असं मला वाटत नाही. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐका. ‘पोरांवर ओझं झालोय’, ‘देवाने आता न्यावं’. विड्या वळून संसार ओढलेली बाई सांध्यांच्या दुखण्याने जागीच बसली की सुनेला चहा मागतानाही संकोचते. अशा माणसासमोर मरणाचा अर्ज ठेवला तर तिची सही तिच्या इच्छेची असेल की संकोचाची? आधी दुखणं कमी करणारं औषध तालुक्यापर्यंत पोचू द्या. मॉर्फिनचे परवाने सोपे व्हावेत म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, तरी कॅन्सरच्या कित्येक रुग्णांना ते मिळत नाही. वेदना थांबवायची सोय नसताना मरायची सोय करणं मला न्यायाचं वाटत नाही. याला उत्तर देणारे म्हणतात की, तुमची व्यवस्था सुधारेपर्यंत आज तळमळणाऱ्याने का थांबायचं? या प्रश्नापुढे माझं मत डळमळतं, हे मी लपवत नाही. पण बदलत नाही.

## ‘इस्टेटीसाठी पोरं काय करतील?’

भीती खरी आहे. सात-बारावरून भाऊ भावाला ओळख दाखवत नाहीत, हे आपण बघतो. पण नीट पाहिलं तर पोरांच्या हाती निर्णय आज जास्त आहे. घरी नेतो म्हटलं की विचारणारं कुणी नसतं. लिव्हिंग विलमध्ये दोन साक्षीदार, नोटरी, दोन वेगवेगळी मंडळं आणि न्यायदंडाधिकाऱ्याला सूचना, एवढे अडसर मध्ये येतात. लोभी मुलाला तो कागद अडवतो.

## ‘आमच्या धर्मात बसत नाही’

धर्मांचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर. तळ्यातल्या त्या मंदिराच्या आवारातच सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. आळंदीची संजीवन समाधी १२९६ ची. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारलं. जैनांच्या सल्लेखनेला, म्हणजे हळूहळू अन्नपाणी सोडून देह ठेवण्याच्या व्रताला, राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवलं, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कॅथलिक पंथात जीव घेण्याला सक्त मनाई आहे, तरी पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये सांगितलं होतं की असाधारण उपचार चालूच ठेवण्याचं बंधन नाही.

यातून दयामरणाला परवानगी सिद्ध होते, असं मी म्हणणार नाही. समाधी ही साधनेची पूर्णता. तिची आयसीयूशी तुलना करणं बरं नव्हे. पण ‘कसंही करून श्वास चालू ठेवा’ ही आज्ञा परंपरेतून आली आहे, असंही म्हणता येत नाही. ती यंत्राबरोबर आली आहे.

## मला पटत नाही, मग कायद्याने बंद का नसावं?

‘मी हे स्वतःसाठी निवडेन का?’ आणि ‘कायद्याने सगळ्यांना काय करायला लावावं?’ हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असूनही दुसऱ्याचं ‘ज्याचं त्याला ठरवू द्या’ असं असू शकतं. संविधानाच्या कलम २५ ने सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलं आहे, ते आपल्याला आहे तसं पलंगावरच्या माणसालाही आहे. म्हणून लिव्हिंग विल ऐच्छिक आहे. कुणी ‘शेवटपर्यंत सगळे उपचार करा’ असं मनाशी ठरवलं, तर तीही तितकीच मानायची इच्छा.

कधी वाद मूल्यांचा नसतोच, माहितीचा असतो. धाकटा भाऊ ‘प्रयत्न सोडायचा नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आई पुन्हा चालेल असं चित्र असतं. थोरल्याला डॉक्टरांनी वेगळं सांगितलेलं असतं. ते दोघं निष्ठेवरून भांडतात, पण दोघांना एकत्र बसवून डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. म्हणून मत बनवण्याआधी विचारा: बरं होणं म्हणजे नेमकं काय होणं? घरी जाऊन ताटावर बसतील का? मला ओळखतील का? हे विचारणं म्हणजे आशा सोडणं नाही.

## कागदात काय लिहायचं?

वय १८ पूर्ण हवं आणि मन ठिकाणावर हवं. भाषा घरच्यांना आणि डॉक्टरांना कळेल अशी असावी. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरात मराठी प्रतीबरोबर तेलुगूतही लिहून ठेवलं तर आजीलाही कळेल. ‘मला त्रास देऊ नका’ एवढं मोघम पुरत नाही. कोणत्या स्थितीत काय नको ते लिहा: बरं होण्याची आशा नाही असं मंडळाने सांगितल्यावर व्हेंटिलेटर नको, हृदय थांबल्यावर छाती दाबणं नको, वेदनेवरचं औषध मात्र हवं. नळीने अन्न देण्याबद्दलही आपलं मत लिहा, कारण केईएममध्ये सगळा पेच अन्नावरच होता. आपल्या वतीने बोलणाऱ्या किमान दोघांची नावं द्या. सगळ्यात जास्त रडणारा माणूस निवडू नका. आपलं म्हणणं त्याला पटत नसलं तरी ते डॉक्टरांपुढे मांडेल, असा निवडा.

एक प्रत त्यांच्याकडे, एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे. एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची असते. ती जपून ठेवायला त्यांनी माणूस नेमायचा असतो. काउंटरवर ‘असलं काही इथे नसतं’ असं उत्तर मिळालं, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मत बदललं तर कधीही लेखी देऊन कागद रद्द करता येतो किंवा नव्याने लिहिता येतो.